निंदणे आणि कळणे

मराठीत ‘निंदणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. उभ्या पिकातील तण काढणे हा एक आणि नावे ठेवणे, दोष देणे हा दुसरा. व्युत्पत्तिशास्त्र या दोन अर्थांचे नाते काहीही ठरवो. बोलणाऱ्याच्या मनात ते एकमेकांना खेटून बसलेले असतात. ज्याला उपटायचे त्याला आधी नावे ठेवावीत, म्हणजे उपटताना हात कचरत नाही. पश्चिम महाराष्ट्रात याच कामाला भांगलण म्हणतात, अन्यत्र खुरपणी. विदर्भ-खानदेशात मात्र बायका निंदणीलाच जातात. कर्नाटकात तणाला ‘कळे’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द चकवा देतो, कारण संतांच्या मराठीत ‘कळे’ म्हणजे उमगते, ध्यानी येते. खुद्द कन्नडातही या शब्दाला दुसरा अर्थ आहे : चेहऱ्यावरील तेज, म्हणजे आपल्याकडची ‘कळा’. शब्दांच्या अशा योगायोगावर सिद्धान्त उभारणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही एका माणसाला या दोन शब्दांमधले अंतर चालून जाण्यास चाळीस वर्षे लागली, आणि ती वाट वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा एका हिरवळीतून गेली.

हे गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचे चिरंजीव. कापूस आणि ज्वारी यांच्या तासांतून आईच्या मागे चालण्यात त्यांचे बालपण गेले. डवरणीने ओळींमधले तण निघे; झाडाच्या बुडाशी राहिलेले हाताने काढावे लागे. काळ्या मातीत खोल मुरणारा कुंदा आणि सांध्यासांध्याला मूळ धरणारी हरळी हे त्या घराचे खरे सावकार. दर वर्षी काही निघे, तरी बाकी शिल्लकच राही. मुलाने कंटाळून वरवरची पाने ओरबाडली की आई म्हणे, “शेंडा नको तोडू बाप्पा, मुयासकट काढ.” दिवस कलता कलता तीच आई तरोटा, कुरडू, घोळ, पाथरी अशी कोवळी पाने निवडून पदरात घेई. सकाळी जे निंदायचे तेच रात्री रांधायचे, यात त्या घराला विसंगती वाटत नव्हती. मुलाला मात्र त्या भाज्यांची लाज वाटे. शाळेत डब्यात तरोट्याची भाजी निघणे म्हणजे घरात बाजाराला पैसे नसल्याची जाहीर कबुलीच होती.

मुलगा शिकला, अभियंता झाला आणि १९७० च्या दशकात बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात रुजू झाला. लग्न धारवाडच्या एका मराठी घराण्यातील मुलीशी झाले. तिच्या जिभेवर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच सहजतेने नांदत होत्या. पुढे शहराच्या दक्षिणेस एका वसाहतीत त्यांनी लहानसे घर बांधले, आणि घराच्या पुढ्यात हिरवळ असावी असा हट्ट पत्नीने धरला.

बेंगळुरूत असा हट्ट धरणे स्वाभाविक होते. हे शहर बागांच्या अभिमानावर वाढलेले आहे. हैदरअलीने १७६० मध्ये आरंभिलेले लालबाग आणि १८७० मधील कब्बन पार्क यांनी येथील मध्यमवर्गाच्या सौंदर्यकल्पना घडवल्या. लालबागेला आणि शहरातील रस्त्यांना आजचे रूप देणाऱ्यांत अग्रणी असलेल्या गुस्टाफ हर्मान क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचा मराठी वाचकाला दुरून संबंध लागतो. १८९३ मध्ये त्याला लंडनच्या क्यू उद्यानातून हिंदुस्थानात आणले ते सयाजीराव गायकवाडांनी. बडोद्याच्या बागा सांभाळून मग १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानच्या सेवेत आला. वर्षभर कोणता ना कोणता रस्ता फुललेला असावा, ही त्याची दृष्टी. जॅकरंडा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष ही झाडे दूरदेशीची. परंतु त्यांना परके म्हणण्याचे आज कोणाच्या मनातही येत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

हिरवळीसाठी पत्नीने निवडले ते बारीक पात्याचे गवत म्हणजे हरळीचीच सुधारलेली जात. कन्नडमध्ये तिला गरिके म्हणतात. गणपतीच्या मस्तकावर ती दूर्वा होते. हिरवळ पुरती धरली त्या वर्षी यवतमाळहून वडील आले. सुनेच्या हातची कॉफी घेऊन ते पायरीवर बसले आणि मुलगा रबरी नळीने काय भिजवतो आहे, ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “आमी जलमभर जे काढलं, थे तू पानी देऊन वाढवतं का रे?” घरात हशा पिकला. वडील हसले नाहीत. त्या एका प्रश्नात तणाची व्याख्या सामावलेली होती : तण ही वनस्पतीची जात नव्हे, ते तिचे स्थान आहे. एकच हरळी शेतात वैरीण, देव्हाऱ्यात पूज्य आणि शहरी अंगणात प्रतिष्ठा.

हिरवळ म्हटली की तिच्यात तण आलेच. त्या तीनशे चौरस फुटांत पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा उगवला. मातीची गाडी एका तळ्याच्या कोरड्या पात्रातून आली होती. तिच्याबरोबर त्याच्या गाठी आल्या. लव्हाळा दिसायला गवत, पण गवत नव्हे. त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहिला की तीन कडा हाताला लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. ही ओळख पटली नाही तर पुढचे सारे उपाय वाया जातात, आणि त्या गृहस्थांचे वायाच गेले. त्यांनी पाने खुडली, कात्री चालवली. जमिनीत मात्र बारीक तंतूंनी जोडलेली गाठींची माळ असते. वरचा कोंब तुटला की झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एकाच्या जागी चार अंकुर येतात. मग त्यांनी रुंद पानांची तणे मारणारे टू-फोर-डी हे औषध आणून फवारले. आंबुशी करपली; लव्हाळा जागच्या जागी डोलत राहिला. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून, कडा मातीने दाबून, सहा आठवडे ऊन कोंडून पाहिले. वरच्या थरातील बी मेले. खोलवरच्या गाठींना त्याचा पत्ताही लागला नाही. लेरॉय होम या अमेरिकन तणशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये जगातील सर्वांत त्रासदायक तणांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पहिला क्रमांक याच वनस्पतीला दिला. अखेर उपाय सापडला तो आईचाच : पावसाने माती मऊ झाली की खुरप्याचे टोक तिरपे घालून गाठीसकट काढणे, आणि दर पंधरवड्याला काढत राहणे. पाने फुटत राहतात आणि काढली जातात, यात गाठीतला साठा हळूहळू संपतो. लव्हाळ्याशी लढाई शौर्याने जिंकता येत नाही, चिकाटीने जिंकता येते.

गाठी पाण्यात धुताना एकदा पत्नीने त्या नाकाशी नेल्या आणि म्हटले, “अहो, हा तर नागरमोथा! दिवाळीच्या उटण्यात घालतात तो.” तिचे म्हणणे खरे होते. चरकाने औषध म्हणून सांगितलेली मुस्ता हीच, शाकुंतलात रानडुकरे उकरतात तीही हीच, आणि तुकोबांनी नम्रतेचा दृष्टान्त म्हणून ज्याला अभंगात स्थान दिले तो लव्हाळाही हाच. त्या दिवाळीला घरच्या गाठी वाळवून कुटल्या गेल्या. तण काढणे थांबले नाही. पण त्या दिवसापासून पत्नीने एक वही घातली.

वहीत तीन रकाने होते. मराठी नाव ते लिहीत, कन्नड नाव ती लिही, आणि शास्त्रीय नाव पुस्तकांतून शोधून दोघे मिळून भरत. तीन हृदयाकार पानांची, चवीला आंबट, बोंड वाळताच बी दूर उडवणारी आंबुशी, कन्नडमध्ये पुल्लंपुरची. जखमेवर जिचा रस पिळतात ती एकदांडी. तोडताच दूध येणारी नायटी. घोळ, म्हणजे गोणी सोप्पु. कुरडू, म्हणजे अण्णे सोप्पु. नळाच्या ओलाव्याला धरून पसरणारी मंडूकपर्णी; एकेका देठावर एकेक पान म्हणून कन्नडमध्ये ओंदेलग, जिची ताकातली तंबुळी धारवाडच्या सुनेने सासरी रुजवली. फाटकापासून पायरीपर्यंतच्या तुडवलेल्या पट्ट्यात नाचणीच्या पानांसारखे दिसणारे एक चिवट गवत येई. ते नाचणीचेच रानटी भावंड निघाले. ज्या प्रदेशाचे अन्न रागी, तेथे तिच्या भावंडाने पायदळी यावे याची दोघांना गंमत वाटली.

वही वाढत गेली तशी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक तण जमिनीविषयी काही सांगत होते. चिवट गवत सांगत होते की माती तुडवून घट्ट झाली आहे; तिला खुरप्याच्या टोकाने भोके पाडून श्वास द्यावा. मंडूकपर्णी सांगत होती की पाणी साचते. यंत्राने गवत फार खुजे कापले की जमिनीवर ऊन पडते आणि दडलेले बी उगवते. पाते बोटभर उंच राखले तर गवतच आपल्या सावलीने तण आवरते. कच्चे शेणखत घातले की गुरांनी खाल्लेल्या रानाचे सारे बी अंगणात अवतरते. खत पुरते कुजलेले हवे. रोज शिंपडलेले थोडे पाणी उथळ मुळांच्या तणांना पोसते. आठवड्यातून एकदोनदा खोल मुरलेले पाणी गवताला बळ देते. बहुतेक तणे हिरवळीचे शत्रू म्हणून आली नव्हती; हिरवळ जेथे हरली होती तेवढीच जागा त्यांनी घेतली होती.

एकच वनस्पती अशी होती की जिच्याविषयी वहीत कौतुकाचा शब्द नाही. गाजरगवत. पुण्यात १९५५ मध्ये ती प्रथम लक्षात आली आणि पुढल्या वर्षी तिची शास्त्रीय नोंद झाली. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लोकांनी तिला काँग्रेस हे नाव दिले. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ गव्हातून ती आली, ही समजूत आजही दृढ आहे. परंतु त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे वनस्पती दिसल्यानंतरचा आहे. त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकन धान्य आले होते, आणि एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिनोंदींतही अभ्यासकांना पुढे तिचे नाव आढळले. निंदेला पुराव्याची घाई नसते; येथे मात्र आरोपपत्र कच्चे असले तरी आरोपी निर्दोष नाही. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात, तिच्या स्पर्शाने कातडी फुटते आणि परागाने श्वास कोंडतो. १९७५ मध्ये कर्नाटक सरकारने तिला कायद्याने उपद्रवी तण ठरवले. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक लहानसा भुंगेरा आणला, पिवळसर पाठीवर तपकिरी रेघांचा. दुसऱ्या वर्षी तो मोकळा सोडला. सारे कोरडे महिने मातीत निजून राहायचे आणि पहिल्या पावसाला वर येऊन गाजरगवताची पाने फस्त करायची, असा त्याचा क्रम. काही वर्षांत शहराभोवतीची माळराने निष्पर्ण दिसू लागली. मग १९९० च्या दशकाच्या आरंभी तोच भुंगेरा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि मोठा वाद उठला. तपासाअंती सूर्यफूल हे त्याचे स्वाभाविक खाद्य नव्हे असा निष्कर्ष निघाला, तरी काही काळ रक्षकच संशयित झाला होता. गाजरगवत आजही आहे, भुंगेराही आहे. अंगणात ते दिसले की पत्नी हातमोजे चढवी आणि फुलावर येण्याआधी मुळासकट काढी. वहीतील नोंदीपुढे तिने एवढेच लिहिले : “दया नको.” जॅकरंडाही अमेरिकेची आणि गाजरगवतही अमेरिकेचे, दोष कोठून आले यात नव्हता, आल्यावर शेजाऱ्याला जगू देतो की नाही यात होता.

२०१९ मध्ये पत्नी गेली. गृहस्थांनी हिरवळ होती तशी राखली. किंबहुना पूर्वीपेक्षा कडक राखली. पूर्वी जी आंबुशी कडेला सहन केली जात होती तीही आता दिसेना. पाते एका उंचीचे, कड रेघेसारखी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला छंद आहे. तो छंद नव्हता. ती जशी टाकून गेली तशी ती जागा थांबवून धरण्याचा तो प्रयत्न होता, आणि प्रत्येक नवा अंकुर म्हणजे तिच्यानंतर उगवलेली वस्तू होती. वहीत नवी नावे पडत राहिली, पण मधला रकाना कोरा राहू लागला. कन्नड नाव कोणाला विचारावे असे त्यांना वाटलेही नाही. चाळीस वर्षे या गावात काढून त्यांची कन्नड बाजारापुरतीच राहिली होती. पुढचे सारे तिच्या तोंडून होत असे.

२०२३ चा पावसाळा अपुरा झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात वसाहतीतील कूपनलिका एकामागून एक आटल्या. मार्चमध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला व गाड्या धुण्याला वापरण्यास बंदी केली. दंड पाच हजार रुपये. गृहस्थांनी नळी गुंडाळून ठेवली. नियम मोडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि टँकरमागे घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर गवत भिजवणे हे विदर्भातल्या माणसाला शक्यच नव्हते. तीन आठवड्यांत हिरवळ पिवळी पडली, मग तपकिरी झाली. पुण्याच्या मुलीने दूरध्वनीवर सुचवले की आता फरश्या बसवाव्यात. शेजारच्या तीन घरांनी बसवल्याच होत्या. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. आठ दिवसांत अंगण हिरवे झाले, परंतु ती हिरवळ नव्हती. दूर्वा तुरळक फुटली होती; बाकी सारी जागा घोळ, कुरडू, आंबुशी, माठ आणि लव्हाळा यांनी भरून टाकली होती. त्यांनी साफसफाईसाठी एका बाईंना बोलावले. त्या कोलार बाजूच्या, वयाने सत्तरीकडे झुकलेल्या. हातात खुरपे, कमरेला कापडी पिशवी. अंगणावर नजर टाकून त्या म्हणाल्या, “एल्ला कळे, सार.” सारे तणच आहे. गृहस्थांनी मान हलवली. सारे काढा असे खुणेने सांगितले. त्या बसल्या आणि काढू लागल्या. काही वेळाने त्यांच्या लक्षात आले की बाई दोन ढीग करीत आहेत. एक कुंपणाकडे फेकण्याचा. दुसरा पिशवीत जाणारा, आणि तो नखाने नीट खुडलेला. त्यांनी विचारले तेव्हा बाई थोड्या संकोचल्या. “बेरके सोप्पु, सार,” त्या म्हणाल्या. नाचणीच्या शेतातून तणांची कोवळी पाने एकत्र खुडून केलेली मिश्र भाजी.

गृहस्थ पायरीवर बसले. वडील बसले होते त्याच पायरीवर. त्या संकोचाची त्यांना जुनी ओळख होती. शाळेत डबा उघडताना तो त्यांच्याच तोंडावर उमटत असे. ते आत गेले आणि वही घेऊन बाहेर आले. कोऱ्या रकान्यांची पाने उघडून त्यांनी एक रोप बाईंसमोर धरले आणि आपल्या मोडक्या कन्नडमध्ये विचारले, “इदर हेसरु एनु?” याचे नाव काय? बाईंनी सांगितले. त्यांनी देवनागरीत लिहून घेतले. मग दुसरे, मग तिसरे. काही रोपांना बाईंजवळ दोन नावे होती, कोवळेपणीचे एक आणि फुलावर आल्यावरचे दुसरे. एका रोपापाशी त्या अडल्या, म्हणाल्या की हे आमच्याकडे नव्हते, अलीकडचे आहे. गृहस्थांनी तो रकाना कोरा ठेवला. त्या दुपारी काम थोडेच झाले, आणि मजुरी पूर्ण दिली गेली.

आज त्या अंगणाची मांडणी निराळी आहे. पायरीजवळ निम्म्या जागेत दूर्वा आहे, पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर जगते तेवढीच. नळाकाठी ओंदेलग आहे. कुंपणालगतच्या वाफ्यात घोळ, कुरडू आणि माठ यांना वाढू दिले जाते. बी धरण्याआधी खुडले जातात, म्हणून ते वाफ्याबाहेर येत नाहीत. लव्हाळ्याची पंधरवड्याची पाळी चुकत नाही. गाठी धुऊन वाळतात आणि दिवाळीपर्यंत डब्यात राहतात. गाजरगवत दिसताच हातमोजे निघतात. फरश्यांचा विषय मुलीने पुन्हा काढलेला नाही.

बाई महिन्यातून दोनदा येतात. नवे काही उगवले असेल तर खुरपे लावण्याआधी ते रोप उंच धरून हाक मारतात, आणि गृहस्थ वही घेऊन बाहेर येतात. मधल्या रकान्यातील अक्षर आता पहिल्या रकान्याच्याच हाताचे आहे. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, ज्या धारवाडची लेक लगेच सुधारून देती. अजून दोन जागा कोऱ्या आहेत.